उशिरा आलेला बहर

नाशिक जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. येवल्याहून मालेगाव-सटाण्याच्या बाजूला निघालात, तर त्या तुम्हाला जागोजागी दिसतील. डाळिंबाचे झाड मोठे लहरी असते. त्याला तसेच सोडले, तर ते वर्षभर थोडे थोडे फुलत राहते. अशी विखुरलेली फुले शेतकऱ्याच्या कामाची नसतात. म्हणून शेतकरी बहर धरतो. जानेवारी-फेब्रुवारीत धरला तर आंबे बहर, जून-जुलैत धरला तर मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला तर हस्त बहर. बहर धरण्यापूर्वी तो झाडाचे पाणी तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. झाडाची पाने पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड वाळले. मग छाटणी होते, खत आणि पाणी मिळते आणि थोड्याच दिवसांत फांद्या लाल फुलांनी भरून जातात.

‘बहर’ हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील ‘बहार’ तोच हा शब्द. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला.

माणसांचेही असेच असते. कोणाचा बहर मृगाचा, तर कोणाचा हस्ताचा. खेळाच्या मैदानावर ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण तेथे वय, गोल, धावा, बळी सारे मोजले जाते. ज्या वयात बाकीचे खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात काही खेळाडूंचे नाव प्रथम लोकांच्या कानांवर येते. लोक त्यांचे कौतुक करतात आणि लगेच शंकाही काढतात, ‘हे किती दिवस टिकणार?’ ही शंका खरी आहे की खोटी, हे आपण काही खेळाडूंच्या जीवनावरून पाहू.

प्रथम फुटबॉल घेऊ. फुटबॉलमध्ये गोल करण्याची मुख्य जबाबदारी आघाडीच्या खेळाडूवर असते. जेमी वार्डी हा असाच एक इंग्रज खेळाडू. त्याचा जन्म १९८७ साली शेफील्ड शहरात झाला. तेथील मोठ्या क्लबच्या मुलांच्या संघात तो खेळत होता. सोळाव्या वर्षी क्लबने त्याला काढून टाकले. कारण काय, तर त्याची उंची कमी! पुढे तो एका अगदी लहान क्लबकडून खेळू लागला. तेथे त्याला आठवड्याला तीस पौंड मिळत. एवढ्यावर पोट भरणे शक्य नव्हते. म्हणून तो एका कारखान्यात काम करी. मोडलेल्या हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्या तेथे तयार होत. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी मैदान, असा त्याचा क्रम होता.

२०१२ साली लेस्टर सिटी या क्लबने त्याला दहा लाख पौंड देऊन घेतले. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पहिल्या हंगामात त्याला गोल करणे जमेना. खेळ सोडून द्यावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले. दोन वर्षांनी लेस्टरचा संघ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये आला. तेथेही पहिल्या वर्षी वार्डीचे गोल फक्त पाच. मग २०१५ सालचा हंगाम सुरू झाला आणि जणू बांध फुटला. लागोपाठ अकरा सामन्यांत त्याने गोल केले. त्यापूर्वीचा विक्रम दहा सामन्यांचा होता. त्या हंगामात लीगमध्ये त्याने एकूण चोवीस गोल केले आणि मे २०१६ मध्ये लेस्टर सिटी विजेता ठरला. १३२ वर्षांच्या इतिहासात या क्लबला हे अजिंक्यपद कधी मिळाले नव्हते. वार्डी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

येथे थोडे थांबून विचार करा. सोळाव्या वर्षी त्याला नाकारणाऱ्या माणसांना फुटबॉल कळत नव्हता काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांनी त्या दिवशी जे दिसले, ते पाहिले. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात काही मुले एकदम वाढतात, तर काहींची वाढ दोन-तीन वर्षे मागे असते. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकत्र खेळतात. पहिला दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो. निवड करणाऱ्याला उंच, दांडगा मुलगा चांगला खेळाडू वाटतो. लहान चणीचा मुलगा मागे राहतो. त्याला कमी खेळायला मिळते, म्हणून तो आणखी मागे पडतो. आपल्याकडे शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. एकोणीस वर्षे झाली की शाळेचे दार बंद होते. पुढे महाविद्यालयात किंवा एखाद्या क्लबात जागा मिळाली तर ठीक. येवल्यासारख्या गावात तर दहावी झाली की मुलगा पैठणीच्या मागावर बसतो किंवा दुकानात जातो, आणि मैदान सुटते. मुलींचे मैदान त्याआधीच सुटते. त्यामुळे उशिरा बहरणारी किती झाडे पाणी न मिळता गेली, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता दुसरी बाजू पाहू. उशिरा आलेले सर्वच यश टिकते असे नाही.

१९९० साली इटलीत विश्वचषक स्पर्धा झाली. इटलीच्या संघात साल्वातोरे स्किलाची नावाचा पंचवीस वर्षांचा खेळाडू होता. सिसिली बेटावरील पालेर्मो शहरातील गरीब घरचा हा मुलगा एक वर्ष आधीपर्यंत दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. पहिल्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून आला आणि त्याने गोल केला. पुढे गोलांमागून गोल होत गेले. स्पर्धेत सर्वाधिक सहा गोल त्याचेच झाले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. इटलीच्या गल्लीगल्लीत त्याचे नाव झाले. पण देशाकडून त्याने संपूर्ण कारकिर्दीत किती गोल केले असतील? फक्त सात! म्हणजे त्या एका महिन्यात सहा आणि बाकी सर्व काळ मिळून एक. २०२४ साली स्किलाची यांचे निधन झाले, तेव्हा लोकांना आठवला तो १९९० सालचा उन्हाळाच.

स्पेनच्या मिचू या खेळाडूचेही तसेच झाले. २०१२ साली वेल्समधील स्वान्सी क्लबने त्याला अवघ्या वीस लाख पौंडांत घेतले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पहिल्याच हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये अठरा गोल केले. दुसऱ्या हंगामात घोट्याच्या दुखापतीने त्याला गाठले. लीगमध्ये गोल झाले केवळ दोन. त्यानंतर तो पूर्वीसारखा खेळू शकला नाही आणि २०१७ साली, एकतिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

असे का होते? पहिले कारण नशिबाचे आहे, आणि ते हिशेबाने समजून घेता येते. मोठ्या सामन्यांत गोलाच्या दिशेने मारलेल्या साधारण दहा फटक्यांतून एक गोल होतो. समजा, एखाद्या आघाडीच्या खेळाडूने हंगामात साठ फटके मारले. त्याचे सहाच्या आसपास गोल व्हायला हवेत. पण कधी चेंडू खांबाला लागून आत जातो, कधी बचावपटूच्या पायाला लागून वळतो आणि गोल होतात दहा किंवा बारा. पुढच्या वर्षी तोच खेळाडू तेवढेच फटके मारतो आणि गोल होतात पाच. लोक म्हणतात, ‘याचा खेळ उतरला.’ खेळ कदाचित तेवढाच असतो, नशीब मात्र सरासरीवर आलेले असते. म्हणून एका हंगामावरून खेळाडूला डोक्यावर घेऊ नये, आणि एका हंगामावरून खाली फेकूही नये. सरासरीचा हा धडा तुम्ही गणिताच्या पुस्तकात शिकला आहात. तेथे तो जरा रुक्ष वाटतो, एवढेच.

दुसरे कारण येवल्याच्या मुलांना चटकन कळेल. येवल्यात संक्रांतीचा पतंगोत्सव तीन दिवस चालतो. भोगी, संक्रांत आणि कर. भोगीच्या दिवशी एखादा नवा मुलगा आसारी घेऊन गच्चीवर येतो आणि वेगळ्याच पद्धतीने पेच लावून दहा पतंग कापतो. सगळे थक्क होतात. करीच्या दिवसापर्यंत मात्र त्याची खोड साऱ्या गच्च्यांना कळलेली असते. कोणी त्याला ढील देत नाही, कोणी खेच. फुटबॉलमध्येही हेच होते. अनोळखी खेळाडूला पहिल्या वर्षी मोकळी जागा मिळते. पुढच्या वर्षी प्रत्येक संघ त्याचे सामने पाहून येतो. तो कोणत्या पायाने मारतो, कोणत्या बाजूने धावतो, सारे बचावपटूंना पाठ असते. त्याच्याजवळ दुसरा पेच नसेल, तर त्याचा पतंग कटतो.

तिसरे कारण शरीराचे. तिशीनंतर धावण्याचा वेग हळूहळू कमी होतो. मांडीचे स्नायू आणि गुडघे कुरकुरू लागतात. केवळ वेगावर जगणाऱ्या खेळाडूला याचा फटका सर्वांत आधी बसतो.

मग वार्डी तर वेगासाठीच प्रसिद्ध होता. त्याचे काय झाले? विजेतेपदानंतरच्या हंगामात त्याचे गोल तेरावर आले. ‘आम्ही म्हणत होतोच’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पण नंतरच्या दोन हंगामांत वीस आणि अठरा गोल झाले, आणि २०१९-२० च्या हंगामात तेवीस गोल करून तो प्रीमियर लीगमध्ये पहिला आला. त्या वेळी त्याचे वय तेहतीस होते. एवढ्या वयात हा मान तोपर्यंत कोणालाच मिळाला नव्हता. याची कारणे शोधली, तर काही सापडतात. २०१६ साली आर्सेनल या मोठ्या क्लबने त्याला बोलावले होते. तो गेला नाही. लेस्टरचा संघ चेंडू मिळताच मागून लांब आणि झटपट पुढे पाठवी. असा खेळ त्याला मानवत होता. झाडाला जी माती मानवली, ती त्याने सोडली नाही. २०१८ साली त्याने देशाच्या संघातून बाजूला होण्याचे ठरवले. त्यामुळे शरीराला विश्रांती मिळाली. पूर्वी तो सारखा धावत असे. नंतर केव्हा धावायचे, हे तो निवडू लागला.

हेही सांगितले पाहिजे की तो अमर नव्हता. २०२२-२३ च्या हंगामात लीगमध्ये त्याचे गोल फक्त तीन झाले आणि संघ खालच्या लीगमध्ये घसरला. पुढच्या वर्षी अठरा गोल करून त्याने संघाला पुन्हा वर आणले. २०२५ साली त्याने लेस्टर सोडले, तेव्हा त्या क्लबकडून त्याचे पाचशे सामने आणि दोनशे गोल पूर्ण झाले होते. आकडे कसे नेमके जुळून आले पाहा! त्यानंतर तो इटलीतील क्रेमोनेसे क्लबकडे गेला. वय होते अडतीस.

अडतिसावे वर्ष इटलीच्या लुका टोनीलाही लाभले. तो उंचापुरा, संथ खेळाडू. खालच्या लीगमध्ये बरीच वर्षे काढल्यावर २००६ साली एकतीस गोल करून तो इटलीच्या पहिल्या लीगमध्ये सर्वांत पुढे आला. पुढे नऊ वर्षांनी, २०१५ साली, बावीस गोल करून तो पुन्हा संयुक्तपणे पहिला आला. त्याचा खेळ वेगावर कधी नव्हताच. गोलासमोर योग्य क्षणी योग्य जागी उभे राहायचे आणि डोक्याने किंवा पायाने चेंडू आत ढकलायचा. जागेची ही जाण वयाबरोबर कमी होत नाही, वाढते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. येथे फुटबॉलपेक्षा क्रिकेट अधिक. मुंबईचे प्रवीण तांबे यांचा जन्म १९७१ सालचा. तरुणपणी ते मध्यमगती गोलंदाजी करीत. नंतर ते लेगस्पिनकडे वळले. मुंबईच्या क्लबांतून आणि कंपन्यांच्या संघांतून ते वर्षानुवर्षे खेळले. रणजी संघात मात्र निवड होत नव्हती. तिशी गेली, चाळिशीही उलटली. बरोबरीचे मित्र खेळ सोडून नोकरी-संसारात रमले. तांबे चेंडू फिरवत राहिले.

२०१३ साली राहुल द्रविड कर्णधार असलेल्या राजस्थान रॉयल्स संघाने त्यांना आय.पी.एल.साठी घेतले. वय होते एकेचाळीस! तोपर्यंत प्रथम श्रेणीचा एकही सामना ते खेळले नव्हते. लोकांना ही गंमत वाटली. काहींना तर चेष्टाही सुचली. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत तांबे यांनी बारा बळी घेतले. स्पर्धेत इतके बळी दुसऱ्या कोणाचेच नव्हते. त्यानंतर, बेचाळिसाव्या वर्षी, मुंबईच्या रणजी संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले.

५ मे २०१४ रोजी अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध सामना होता. कोलकात्याचे सलामीचे फलंदाज शतकी भागीदारी करून गेले होते. सामना हातचा गेला असे सर्वांना वाटत होते. तांबे यांनी मनीष पांडे, युसूफ पठाण आणि रायन टेन डोशेट यांना लागोपाठ बाद केले. यातील पहिला बळी वाइड चेंडूवर यष्टिचीत झालेला होता. त्यामुळे ही हॅटट्रिक नियमानुसार मोजल्या जाणाऱ्या अवघ्या दोन चेंडूंत झाली! सामना राजस्थानने जिंकला.

हे यश टिकले का? आय.पी.एल.मध्ये तांबे एकूण तेहतीस सामने खेळले आणि त्यांनी अठ्ठावीस बळी घेतले. मोठ्या गोलंदाजांच्या मानाने हा आकडा लहान आहे. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकात्याच्या संघाने त्यांना वीस लाख रुपयांना घेतले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. परंतु ते परदेशातील टी-टेन स्पर्धेत खेळले होते आणि नियमाप्रमाणे त्यांना आय.पी.एल.मध्ये खेळता आले नाही. मग २०२० साली ते वेस्ट इंडिजमधील कॅरिबियन लीगमध्ये खेळले. त्या लीगमध्ये उतरलेले ते पहिले भारतीय. २०२२ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला.

चाळिशीनंतर सात वर्षे! लेगस्पिन गोलंदाजाला वेग लागत नाही. त्याला मनगट, बोटे आणि फलंदाजाचे मन ओळखणारी बुद्धी लागते. वीस वर्षे रिकाम्या मैदानांवर टाकलेले चेंडू वाया गेले नव्हते. म्हणून ‘यश टिकेल का?’ असे विचारण्याआधी ‘ते कशावर उभे आहे?’ असे विचारले, तर उत्तर लवकर सापडते.

शेवटचे उदाहरण येवल्यापासून फार दूर नसलेल्या गावचे आहे. चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा भाग पाण्याच्या टंचाईचा. येथील दत्तू भोकनळ हे वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे आणि दगड फोडण्याचे काम करीत. २०१२ साली ते सैन्यात भरती झाले. पुण्याला असताना त्यांची उंची आणि ताकद पाहून त्यांना नौकानयनाच्या सरावाला घेतले. एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी वल्हे हाती धरलेले नव्हते. पाण्याची त्यांना भीतीच वाटे. ज्या खेळात मुले लहानपणीच तयार होऊ लागतात, त्यात त्यांनी चार वर्षांत ऑलिम्पिक गाठले. २०१६ साली रिओ येथे एकट्याने नौका वल्हवण्याच्या शर्यतीत ते तेरावे आले. त्या वेळी त्यांच्या आई अपघातानंतर गंभीर आजारी होत्या.

दोन वर्षांनी इंडोनेशियातील जकार्ता आणि पालेम्बांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. एकेरी शर्यतीच्या अंतिम फेरीत दत्तू आजारी असतानाच उतरले आणि सर्वांत शेवटी आले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंह, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंह यांच्याबरोबर चौघांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. पुढच्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे दुसरे नौकापटू उतरले.

कोणी म्हणेल, सहा वर्षांचीच तर कारकीर्द! मला मात्र हा हिशेब बरोबर वाटत नाही. डाळिंबाच्या बागेत शेतकरी एका झाडाचे वर्षाला तीन बहर घेत नाही. एक बहर नीट भरला, फळे पिकली, बाजारात गेली, की त्या वर्षाचे काम झाले. दत्तू भोकनळ यांचे पदक आज कोणी परत मागत नाही.

एक गोष्ट मात्र लपवता कामा नये. वार्डी, टोनी, तांबे, भोकनळ ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते यशस्वी झाले. तीस पौंडांवर खेळणारे आणि कारखान्यात राबणारे वार्डीचे कित्येक सोबती तेथेच राहिले. मुंबईच्या मैदानांवर चाळिशीपर्यंत खेळूनही कोणाच्या नजरेस न पडलेले गोलंदाजही असतीलच. त्यांची मेहनत कमी होती, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. ती माणसे संध्याकाळी काम संपवून मैदानावर येत, खेळत आणि घरी जात. त्यांच्यामुळेच ते लहान क्लब चालू राहिले, आणि अशाच एका क्लबाच्या मैदानावर कोणीतरी वार्डीला खेळताना पाहिले.

स्वाध्याय

१. ‘ताण देणे’ म्हणजे काय? पाठातील कोणत्या खेळाडूच्या जीवनाला हे शब्द लागू पडतात असे तुम्हाला वाटते? का?

२. स्किलाची आणि टोनी यांच्या यशात कोणता फरक आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. ‘नशीब सरासरीवर आले’ या वाक्याचा अर्थ स्वतःचे एखादे उदाहरण देऊन सांगा.

४. बहर, मैदान, मेहनत, बाजार हे शब्द मराठी व उर्दू दोन्ही भाषांत आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.

५. तुमच्या गल्लीत काम सांभाळून खेळणारे एखादे मोठे गृहस्थ असतील, तर त्यांना भेटा. ते केव्हापासून खेळतात आणि अजून का खेळतात, हे विचारून मराठीत दहा ओळी लिहा.